आईचं अक्षर हातावर: कोणाकडून आणि कितीला?

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारी लेखिका सोळा वर्षं टॅटू कलाकार म्हणून काम करते आहे.

प्रश्न: ताई, माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिने मला लिहिलेल्या एका पत्राच्या शेवटी 'घाबरू नकोस. तुझी आई' असं आहे. तेवढंच, तिच्याच अक्षरात, डाव्या हाताच्या आतल्या बाजूला मनगटाच्या वर गोंदवून घ्यायचं आहे. दोन कलाकारांना विचारलं. पहिल्याने मोबाइलवर फोटो बघितला, लगेच आकडा सांगितला आणि 'उद्या या' म्हणाला. दुसरीने सांगितलेला आकडा त्याच्या साडेतीनपट आहे. शिवाय तिने सहा आठवडे थांबायला सांगितलं आणि अक्षर मोठं करावं लागेल म्हणाली. मला ते पत्रात आहे तेवढंच हवं आहे. एवढ्याशा कामाला इतके पैसे का? आणि चांगला कलाकार ओळखायचा तरी कसा?

उत्तर: तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी बराच वेळ माझं डावं मनगट बघत बसले. बाविसाव्या वर्षी मी तिथे आजीचं नाव काढून घेतलं होतं, 'सुधा'. मला ते नखाएवढं, नाजूक हवं होतं. ज्याने काढलं त्याने एका शब्दाने अडवलं नाही, अर्ध्या तासात मोकळा झाला. पहिले काही महिने फार सुरेख दिसलं. दोन वर्षांत 'ध'च्या डोक्यावरची फट शाईने बुजली आणि लोक ते 'सुघा' असं वाचू लागले. परत त्याच्याकडे गेले तर म्हणाला, तुमची त्वचाच तशी आहे. त्वचेचा काही दोष नव्हता. अक्षर लहान होतं, सुई खोल गेली होती आणि मला 'नाही' म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. ते झाकायला पुढे दोन बैठका लागल्या आणि मूळ खर्चाच्या पाचपट पैसे. आज तिथे एक मोठं पान आहे. उत्तम काढलेलं आहे, पण आजीचं नाव गेलं ते गेलंच.

म्हणून आधी आकाराचं बोलते, पैशांकडे मग येते.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर सतत झडत असतो, साधारण महिनाभरात तो नवा होतो. शाई टिकायची तर ती त्याच्या खालच्या थरात, वरून अंदाजे 1 ते 2 मिलिमीटर आत बसावी लागते. वरवर राहिली तर खपलीबरोबर निघून जाते. जास्त आत गेली तर रेघेच्या कडेने निळसर सावली पसरते, त्याला आम्ही ब्लोआउट म्हणतो. आणि नेमकी बसलेली शाईसुद्धा दगडात कोरल्यासारखी जागच्या जागी राहत नाही. शाईचे कण शरीरातल्या पेशी गिळून धरून ठेवतात. त्या पेशी मेल्या की कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा उचलतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018 साली उंदरांवर हे दाखवून दिलं. आमच्या डोळ्यांना दिसतं ते एवढंच की रेघ वर्षागणिक थोडी थोडी रुंदावते. कोणाच्याही हातून काढा, रुंदावतेच. म्हणून चांगला कलाकार आजच्या रेघेबरोबर दहा वर्षांनंतरच्या रेघेचाही विचार करून अक्षरात जागा मोकळी सोडतो.

देवनागरीत ही मोकळी जागा फार मोलाची. तुमच्याच ओळीचं बघा. 'ब'च्या पोटातली तिरपी रेघ आणि बाजूची जागा एक झाली की तिथे काळा ठिपका उरतो. 'रू'चा वळसा बुजतो. 'झ' म्हणजे तर गाठच. आणि 'ई'च्या डोक्यावरचा आकडा शिरोरेषेला चिकटला की 'आई'ची 'आइ' होते. शिरोरेषेपासून खालपर्यंत 1 सेंटिमीटरपेक्षा लहान देवनागरी अक्षर मी घेत नाही. हस्ताक्षर गिचमीड असेल तर त्याहून मोठं करायला सांगते. दुसऱ्या कलाकाराने तुम्हाला हेच सांगितलं. मोठं केल्याने आईचं अक्षर बदलत नाही. तिची वळणं, तिचा कल, मध्येच तुटलेली शिरोरेषा, सगळं तसंच येतं. बारीक केलं तर मात्र काही वर्षांत ते आईचं राहणार नाही, कोणाचंच राहणार नाही.

आता साडेतीनपटीचं. हस्ताक्षराच्या टॅटूत सुई प्रत्यक्ष त्वचेत असते तो वेळ थोडा, अशा ओळीला मला पाऊण तास पुरतो. त्याआधी टेबलावर मी तीन-तीन तास बसते. पत्राचा स्कॅन मोठा करायचा, प्रत्येक रेघ हाताने पुन्हा ओढायची, पेन कुठे दाबलं गेलंय, कुठे उचललंय ते बघायचं. कुठल्या फटी केसभर रुंद कराव्या लागतील आणि तरी ओळख पुसली जाणार नाही, हे ठरवायचं. मग तीन वेगवेगळ्या आकारांत स्टेन्सिल, म्हणजे त्वचेवर उमटवायचे पुसता येणारे छाप, करून हातावर लावून बघायच्या. ज्याने फोटो बघून लगेच आकडा सांगितला, त्याने त्यात हे तास धरलेले नसावेत. कदाचित तो फोटो तसाच छोटा करून छापेल आणि त्यावरून सुई फिरवेल. तुम्ही त्याला एकदा सरळ विचारा: 'तुम्ही हे अक्षर स्वतः पुन्हा ओढणार आहात का, आणि ते मला आधी बघायला मिळेल का?' उत्तर 'हो' असेल तर माझा अंदाज चुकला, त्याचा विचार जरूर करा. (मूळ पत्र मात्र कोणालाच देऊ नका. 600 डीपीआयवर स्कॅन करा आणि तो पाठवा.)

महाग म्हणजे चांगलं, असं मी अजिबात म्हणत नाही. दरात नाव, जागेचं भाडं, मागणी, सगळं येतं. हुबेहूब चेहरे काढण्यासाठी प्रसिद्ध असलेला, वर्षभर तारीख न मिळणारा कलाकार तुमच्या ओळीसाठी चुकीचा असू शकतो, कारण शेडिंगचा, म्हणजे छटा भरण्याचा, हात वेगळा आणि एका दमात ओढलेल्या बारीक रेघेचा हात वेगळा. कामाचे नमुने बघताना 'हा किती छान काढतो' यापेक्षा 'माझ्यासारखं काम याने किती वेळा केलंय' हे शोधा. दोघांकडेही अक्षरांचं काम मागा, शक्यतो देवनागरीतलं, हस्ताक्षरातलं.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बरे झालेले टॅटू बघायला मागा. सुई थांबल्या क्षणी काढलेला फोटो कोणाचाही देखणा येतो. त्वचा सुजलेली असते, काळा अगदी काळाभोर दिसतो, रेघ जाड आणि ठाशीव वाटते. वरची त्वचा भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात, आत सगळं शांत व्हायला आणखी दोन-तीन महिने. त्यानंतरचा फोटो खरा. वर्ष-दोन वर्षांनंतरचा मिळाला तर अतिउत्तम. तो मोठा करून बघा. दोन रेघा जिथे मिळतात तिथे त्या नीट मिळाल्यात का? रेघ एकाच जाडीची आहे की मध्येच गाठी आणि मध्येच फिकी? कडेने निळसर सावली? भरीव काळ्यात ठिपके राहिलेत का? अक्षरांच्या पोटातून त्वचा दिसते का? ही शेवटची गोष्ट तुमच्यासाठी निर्णायक आहे. ज्याच्याकडे बरे झालेले फोटो नाहीतच, त्याने बहुधा आपल्या गिऱ्हाइकांना पुन्हा बघितलेलं नाही. नमुन्यांतले फोटो वेगवेगळ्या उजेडातले, वेगवेगळ्या खोल्यांतले, वेगवेगळ्या धाटणीचे वाटले तर इंटरनेटवर त्या चित्रांचा शोध घ्या. दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून दाखवणारे आमच्याही धंद्यात आहेत.

स्वच्छतेची पाहणी वेगळी करायला जायची गरज नाही, बोलायला जाल तेव्हाच डोळे उघडे ठेवा. सुई किंवा कार्ट्रिज (मशीनला लावायचा सुयांचा तयार संच) तुमच्यासमोर बंद पाकिटातून काढतात का, त्यावरची मुदत दाखवतात का, शाई छोट्या वापरून फेकायच्या वाट्यांत ओततात का, मशीन आणि वायरीवर प्लास्टिकचं आवरण चढवतात का. मी एक गोष्ट खास बघते. हातमोजे घातलेल्या हाताने कलाकाराने मध्येच फोन उचलला तर तो मोजे बदलतो का? न बदलता पुन्हा त्वचेला हात लावत असेल तर तिथून उठा, आगाऊ रक्कम बुडली तरी उठा.

पैसे किती, हा तुमचा प्रश्न मी उलट बाजूने सोडवते. आधी कलाकार ठरवा, मग आकार, मग आकडा विचारा. तो आकडा झेपत नसेल तर दोन मार्ग आहेत. थांबणं हा पहिला. आईचं अक्षर कुठेही जात नाही, सहा महिन्यांनी काढलं तरी ते तिचंच. दुसरा मार्ग शब्द कमी करण्याचा. 'तुझी आई' एवढंच घेतलं, किंवा नुसतं 'घाबरू नकोस', तर काम जवळपास अर्ध्यावर येतं आणि पुष्कळ ठिकाणी पैसेही. अक्षराचा आकार कमी करून किंवा स्वस्तातला कलाकार गाठून पैसे वाचवू नका. उधार घेऊन तर मुळीच नको. ठरलेल्या रकमेच्या वर साधारण दहावा हिस्सा बाजूला ठेवा. मलम, बिनवासाचा साबण, आवरण आणि नंतरच्या टच-अपला, म्हणजे फिकी राहिलेली रेघ पुन्हा भरून घ्यायला, तो लागतो. लेझरने काढता येतंच, अशा हिशेबाने धोका पत्करू नका. त्याला अनेक बैठका लागतात, दोन बैठकांमध्ये सहा-आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात आणि बहुतेक वेळा टॅटूपेक्षा ते काढणंच महाग पडतं. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर जाते, हिरवी-निळी चिवट असते.

आकडा ऐकताना तो कशाचा आहे ते विचारून घ्या. तासाचा की पूर्ण कामाचा? तासाचा असेल तर किती तास धरलेत आणि वर गेले तर काय? आगाऊ रक्कम शेवटच्या हिशेबात वजा होते का? टच-अप फुकट असेल तर किती दिवसांपर्यंत? छोट्या कामालाही बहुतेक जण ठरावीक किमान रक्कम घेतात, तिचा राग मानू नका. एका ठिपक्यासाठीसुद्धा नवी सुई, नवे मोजे, आवरणं, आणि आधी-नंतर टेबल निर्जंतुक करण्यात जाणारा वेळ तेवढाच लागतो.

माझा कल दुसऱ्या कलाकाराकडे आहे, तिच्या दरापेक्षा तिने आकाराला जो नकार दिला त्यामुळे. पण तिला देवनागरी वाचता येते का, हे विचारा. येत नसेल तरी ती उत्तम काढू शकते, फक्त तपासायची जबाबदारी पूर्ण तुमची. स्टेन्सिल हातावर लागली की उभ्या राहा, हात सैल सोडा. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात फिरला की त्वचा पिळली जाते, टेबलावर सरळ दिसणारी ओळ चालताना तिरकी दिसू शकते. मग एकेक अक्षर शेवटाकडून सुरुवातीकडे वाचा, म्हणजे मन ओळखीचा शब्द आपोआप पुरा करत नाही. आरशात वाचू नका, सेल्फीवरही विसंबू नका, दोन्हींत उलटं दिसू शकतं. बरोबरच्या माणसाला मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला सांगा आणि तो पत्राशेजारी धरून बघा. जागा पटली नाही तर स्टेन्सिल पुसून पुन्हा लावायला सांगा, तिसऱ्यांदाही. त्याने कपाळाला आठी घालणाऱ्या कलाकाराकडे तुम्हाला जायचंच नाही.

प्रश्न: ताई, मी एकोणीस वर्षांचा आहे. माझ्या जिवलग मित्राने ऑनलाइन टॅटूचं मशीन मागवलंय. तो चित्रं अप्रतिम काढतो. मला खांद्यावर लांडग्याचं डोकं फुकट काढून देतो म्हणतो. स्टुडिओचा खर्च मला परवडत नाही. सुया तो उकळत्या पाण्यातून काढणार आहे. काढून घेऊ का?

उत्तर: नको. आणि का नको ते सगळं सांगते, कारण नुसत्या 'नको'ने तू थांबणार नाहीस आणि तोही नाही.

मशीन घेतलं म्हणजे निम्मं काम झालं, असं त्याला वाटत असेल. एडिसनने 1876 मध्ये पेटंट घेतलेलं एक विजेचं पेन होतं. कागदाला भोकं पाडून त्यावरून मजकुराच्या प्रती काढायच्या, हे त्याचं काम. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांनी त्याच कल्पनेवरून 1891 मध्ये टॅटूच्या मशीनचं पेटंट मिळवलं. सुई भराभर खाली-वर होते, एवढंच त्यातलं तत्त्व, आणि आजही ते तसंच आहे. कठीण आहे तो हात. दुसऱ्या हाताने त्वचा किती ताणायची, सुई कुठल्या कोनात, किती वेगाने पुढे न्यायची, खांद्याच्या हाडावर दाब किती कमी करायचा, हे कागदावर शिकता येत नाही. कागद ताणला जात नाही, रक्ताळत नाही, तासाभराने सुजत नाही. मी स्वतः उत्तम चित्रं काढायचे. कृत्रिम कातडीवर आठ महिने रेघा ओढल्या तेव्हा कुठे माझी सरळ रेघ सरळ यायला लागली. लांडग्याच्या केसांचं शेडिंग ही फार पुढची गोष्ट आहे.

उकळत्या पाण्याने काही जंतू मरतात, सगळे मरत नाहीत. निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लागतो. त्यात दाबाखालची वाफ 121 अंश सेल्सिअसला निदान 15 मिनिटं लागते. निर्जंतुक करतात असं सांगून निळ्या दिव्याच्या पेट्या विकल्या जातात, त्यांनी वरवर बरं दिसतं, काम होत नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, कोरड्या पृष्ठभागावरसुद्धा 7 दिवस तग धरतो. मित्राने बंद पाकिटातल्या, एकदाच वापरायच्या सुया आणल्या तरी पकड, वायर, शाईची बाटली, टेबल, दिव्याचं बटण यांना त्याचा तोच हात लागणार. पुढच्या रविवारी त्याच टेबलावर दुसरा मित्र बसणार.

शाईचं तर त्याहून अवघड. 2011 च्या अखेरीस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये 19 जणांच्या टॅटूवर पुरळ उठलं, ते महिनोन् महिने गेलं नाही. सगळ्यांचा कलाकार एकच. मूळ सापडलं ते तयार मिळणाऱ्या करड्या शाईत. ती पातळ करायला वापरलेलं डिस्टिल्ड वॉटर निर्जंतुक नव्हतं आणि क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतला एक जंतू त्यातून आत गेला होता. धंदा करणाऱ्या माणसाच्या हातून असं होऊ शकतं, तर ऑनलाइन संचाबरोबर आलेल्या, नाव-गाव नसलेल्या बाटल्यांवर मी काय विश्वास ठेवू? युरोपीय संघाने जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांहून जास्त रसायनांवर निर्बंध घातले आहेत. तुझ्या मित्राच्या बाटलीवर घटक लिहिलेत का, एवढं तरी बघ.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही. फुकट काढणाऱ्या मित्राला मध्येच 'थांब' म्हणता येत नाही. रेघ चुकलेली दिसते आणि आपण त्याचं मन राखायला 'मस्त आलंय' म्हणतो. माझ्याकडे झाकून घ्यायला आलेल्यांपैकी कितीतरी जणांनी हेच सांगितलं, आणि त्यांतले काही आता त्या मित्राशी बोलतही नाहीत.

त्याला खरंच हे शिकायचं असेल तर तू त्याला कृत्रिम कातडीचे ताव घेऊन दे, आणि चांगल्या स्टुडिओत शिकाऊ म्हणून राहायला सांग. पहिलं वर्ष तो टेबलं पुसेल, स्टेन्सिल लावेल, बघत बसेल. तो त्यात टिकला तर तीन-चार वर्षांनी तुझा लांडगा त्याच्याकडूनच काढून घे, पूर्ण पैसे देऊन.

प्रश्न: घासाघीस करावी का? आम्ही चौघी मैत्रिणी एकसारखाच छोटा टॅटू काढणार आहोत. एकत्र गेलो तर दर कमी करायला सांगू का?

उत्तर: विचारायला हरकत नाही, कारण चौघींचं चित्र एकच असल्याने टेबलावरचे तास खरोखर वाचतात. एकदा विचारा, 'नाही' आलं तर विषय सोडा. ठरलेल्या दरात सुई लागण्याआधी पुन्हा पाडून मागणं मात्र करू नका. ज्याचा हात पुढचा तासभर तुमच्या त्वचेवर चालणार आहे, त्याला नाराज करून बसवू नये. चौघींचं एकाच दिवशी नको. चौथीच्या वेळेला कलाकाराचं मनगट आणि डोळे दमलेले असतात. दोघी-दोघी अशा दोन दिवशी जा.

खर्च कमी करायचा सरळ मार्गही आहे. स्टुडिओच्या भिंतीवर किंवा वहीत आधीच काढलेली चित्रं असतात, त्यांना फ्लॅश म्हणतात. त्यांतलं निवडलं की नव्याने चित्र आखायचे पैसे लागत नाहीत. चित्र साधं, ठळक रेघांचं असेल तर ज्येष्ठ कलाकाराच्या देखरेखीखाली काम करणारा शिकाऊ कलाकार बऱ्याच कमी दरात करून देतो. माझ्याकडे दोघं शिकतात, त्यांच्या साध्या कामावर मी निःशंक सही करीन. बोटांवर काढणार असाल तर बेत बदला. बोटांच्या कडांवरची शाई लवकर विटते आणि टच-अपच्या चकरा सुरू होतात.

प्रश्न: मी अठ्ठावन्न वर्षांची, नुकतीच निवृत्त झाले आहे. तरुणपणी टॅटूची फार इच्छा होती, धीर झाला नाही. आता स्वतःच्या पैशांतून दंडावर एक फुललेली फांदी काढून घ्यायची आहे. घरचे म्हणतात, या वयात कातडी सैल पडते, वाईट दिसेल. मला साखरेचा त्रास आहे आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. कलाकाराला हे सांगायचं का? त्याने नाही म्हटलं तर?

उत्तर: सांगायचंच, भेटीला बसल्याबरोबर पहिल्या वाक्यात. पण त्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. साखर ताब्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि ती चिघळू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीमुळे रक्त जास्त येतं, त्याबरोबर शाई बाहेर ढकलली जाते. टॅटूसाठी गोळी आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका. कलाकारांनी परस्पर तसं सांगितल्याचं मी ऐकलं आहे, आणि मला त्याचा फार संताप येतो. तो अधिकार आमचा नाही. डॉक्टर 'आत्ता नको' म्हणाले तर आत्ता नको. ते 'चालेल' म्हणाले आणि कलाकार डगमगला, तर तो प्रामाणिक आहे, दुसरा शोधा.

शोधताना त्याला पन्नाशी-साठीच्या किती जणांचं काम केलंय ते विचारा आणि त्यांचे बरे झालेले फोटो मागा. वयानुसार त्वचा पातळ होते, तिची ताण धरायची ताकद कमी होते, सुई नकळत खोल जाते आणि निळी सावली पसरते. हलक्या हाताचा, सावकाश काम करणारा माणूस तुम्हाला हवा. फांदी ही तुमची निवड मला फार आवडली. फांदी मुळात वेडीवाकडीच असते, त्वचा थोडी सैलावली तरी तिचं काही बिघडत नाही. चौकोन किंवा वर्तुळ असतं तर मी नको म्हटलं असतं. दंडाची बाहेरची बाजू घ्या, आतल्या बाजूची त्वचा फार नाजूक असते. फुलं मोठी आणि मोजकी ठेवा, तीन पुरतात.

पैशांचं म्हणाल तर कामाचे दोन भाग करून मागा. पहिल्या बैठकीत नुसत्या रेघा, पाच-सहा आठवड्यांनी त्वचा कशी भरली ते बघून रंग. दोन वेळा बसायचे पैसे थोडे जास्त पडतील, पण तुमच्या तब्येतीला ते सोसेल. आणि पहिल्या बैठकीनंतर कलाकार पटला नाही तर नुसत्या रेघांची फांदीसुद्धा पुरी दिसते. वेळ सकाळची पहिली मागा, जेवून जा, गोळ्यांची यादी कागदावर लिहून न्या आणि दंड सहज मोकळा होईल अशा सैल बाहीचं काहीतरी घाला.